कारवीचं वर्तुळ

सर घरातसुद्धा रेनकोट घालायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो काळा, गुडघ्याखाली पोचणारा रेनकोट खुंटीवरून निघायचा आणि नवरात्र सरल्यावर परत खुंटीवर जायचा. मधले चार महिने सर त्यातच. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "लोणावळ्यात घर आणि बाहेर हा फरक फक्त घरपट्टीच्या पावतीवर असतो."

ते काही खोटं नव्हतं. खिडकी उघडी राहिली तर धुकं आत येऊन टेबलावर बसायचं. काडी ओढली तर गुलाचा चिखल व्हायचा. चपला, कमरेचे पट्टे, पुस्तकांच्या पाठी, देवाच्या तसबिरीमागचा पुठ्ठा, सगळ्यावर हिरवी-पांढरी लव चढायची. आणि नेमक्या अशा गावात हे गृहस्थ काचेच्या तबकड्यांमध्ये जंतू वाढवायचे, त्यांच्यावर रानातल्या झाडपाल्याचा अर्क ठेवायचे आणि जंतू मरतात का ते बघत बसायचे. हवेतला एक कण तबकडीत पडला तरी आठवड्याची मेहनत वाया जाणार, असं हे काम. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून लोणावळा निवडलं होतं.

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, इथेच का?"

"झाडं इथे आहेत," ते म्हणाले. "आणि बुरशी सगळीकडेच असते. इथे ती निदान दिसते तरी."

ही साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. माझे वडील खंडाळ्याच्या घाटात रूळ सांभाळणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये होते. आमचं मूळ गाव वराळे, पण मी वाढलो रेल्वेच्या दोन खोल्यांत. शाळा लोणावळ्यात, कॉलेज पुण्याला, तेही रोज गाडीने जाऊन-येऊन. बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या घराण्यात त्या तीन अक्षरांचा अर्थ विचारणारंही कोणी नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, गँगमधल्या लोकांना सांगायचे, "पोरगं बीएसशी झालं," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत तंबाखू मळायला घ्यायचे.

सरांना मदतनीस हवा आहे असं शाळेतल्या मास्तरांकडून कळलं म्हणून गेलो. खंडाळ्याच्या रस्त्यावर एका बंद बंगल्याच्या मागचं आउटहाउस, तीच प्रयोगशाळा. एका खोलीत काम, एका खोलीत सर, आणि वर माळा. मी प्रमाणपत्रं पुढे केली. त्यांनी ती पाहिलीच नाहीत. माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून नखं पाहिली आणि विचारलं, "पावसाळ्यात तुमच्या घरी चपला कुठे ठेवता?"

"चुलीमागे. दोरीला टांगून."

"उद्या आठला ये."

पगाराचं बोलायचं त्यांना सुचलं नाही आणि मला धीर झाला नाही. महिना संपल्यावर कळलं की प्रयोगशाळेचा खर्च पुण्यातले एक औषधं करणारे शेठजी चालवतात आणि माझा पगारही तेच देणार.

काम तसं समजायला सोपं होतं. पाला वाळवायचा, कुटायचा, थंड पाण्यात रात्रभर भिजवायचा आणि बारीक गाळणीतून गाळायचा. टीपकागदाच्या टिकल्या कापून त्या या अर्कात भिजवायच्या. तबकडीत खळीसारखी थिजलेली जेली असायची, तिच्यावर जखमेत पू करणारे जंतू पसरायचे आणि त्यावर टिकली ठेवायची. एक टिकली नुसत्या पाण्याची, शहानिशेसाठी. मग तबकडी उबेच्या पेटीत. दुसऱ्या दिवशी जंतूंचा दुधी थर सगळीकडे चढलेला असायचा. पाल्यात काही गुण असेल तर टिकलीभोवती जंतू वाढायचे नाहीत, काचेसारखं स्वच्छ वर्तुळ दिसायचं. त्या वर्तुळासाठी आमचं सगळं चाललेलं.

सर जंतूंना 'मंडळी' म्हणायचे. "मंडळी उठली का बघ." "मंडळींना आज जेवण जास्त झालंय." तबकडी उघडी असताना कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. "तोंड मीट. तुझ्या तोंडातली मंडळी खाली उतरतील." दोन प्रेशर कुकर होते. एकात मंडळींची जेली शिजायची, दुसऱ्यात सरांची खिचडी. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून त्यांची अदलाबदल झाली. सरांनी दोन्हींतलं सगळं टाकून दिलं. दोन्ही कुकर माझ्यासमोर उकळून घेतले आणि त्या दिवशी आम्ही दोघं केळ्यांवर राहिलो.

कोणाच्याही घरी गेले की ते दही मागायचे. एकदा कुसगावात एका लग्नाला आम्हाला बोलावणं होतं. जिलबीचं ताट पुढे आलं असताना सरांनी यजमानांना विचारलं, "तुमच्या घरचं विरजण किती वर्षांचं?" यजमान गोंधळून आत गेले आणि आपल्या आईला घेऊन आले. मग त्या आजीबाई आणि सर मांडवाच्या कडेला बसून अर्धा तास विरजणावर बोलले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, या दोघांना पत्ता नाही. परत येताना सरांच्या खिशात औषधाची छोटी बाटली, तिच्यात चमचाभर दही. "चाळीस वर्षं एका बाईने हे मरू दिलं नाही," ते मला म्हणाले. "आपल्याकडे बी.एस्सी. झालेल्यांना चार दिवस जमत नाही."

पण गावात ते ओळखले जायचे ते एका प्रश्नामुळे. कोणी काहीही ठामपणे सांगितलं की सर शांतपणे विचारायचे, "आणि तसं नसेल तर?" दूधवाला म्हणाला, साहेब, दूध निर्भेळ आहे. "आणि नसेल तर?" स्टेशनमास्तर म्हणाले, गाडी वेळेवर आहे. "आणि नसेल तर?" त्यात टोमणा नसायचा, त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. दूधवाल्याने तर एकदा वैतागून खरं सांगून टाकलं होतं. बाजारात त्यांचं नावच पडलं होतं, 'नसेलतर डॉक्टर'. मी भाजी घ्यायला गेलो की भाजीवाली विचारायची, "काय, नसेलतर बरे हायेत न्हवं?"

कुसगावच्या पुढे डोंगराच्या पोटाशी ठाकरांची एक वाडी होती. तिथल्या एका म्हाताऱ्या बाई आम्हाला पाला दाखवायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, सरही म्हणत. अंगाने काडी, पण डोंगर चढताना आम्ही मागे. रानातलं कोणतं पान कशाला चालतं हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं मी तेव्हाही कोणाकडे पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. सर त्यांच्या अंगणात मांडी घालून बसायचे आणि त्या सांगतील ते शाळेतल्या मुलासारखं वहीत उतरवायचे.

सुरुवातीला मावशींनी त्यांना एक पाला दिला आणि सांगितलं, "हे लय नामी हाय. कसलीबी जखम सुकती." आम्ही तो तीन वेळा तपासला. काही नाही. मला वाटलं, आता हे त्या बाईंना कशाला सांगायचं, वाईट वाटेल. सर खास चालत वाडीवर गेले.

"मावशी, तुमच्या पाल्यानं काहीच केलं नाही."

मावशींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. "न्हाईच करनार! त्यो शेरडाचा पाला हाय. शेरडं खात्यात नुसती."

"मग दिलात कशाला?" मी चिडून विचारलं.

"तर! तुमच्यावानी लय जन येत्यात. काय बी द्या, म्हनत्यात मावशी, गुन आला, मावशी, तुमी देव हायसा. आन पुन्यांदा त्वांड दावत न्हाईत." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "तुमी न्हाई म्हनायला एवढं चालत आलासा. आता दावते खरं."

त्या दिवसापासून त्यांनी सरांपासून काही लपवलं नाही. सर परतताना इतके खूश होते की घाटरस्त्यावर त्यांनी शीळ घातली. मी मात्र मनात म्हणत होतो, तीन आठवडे गेले ते गेलेच ना.

माझ्या आणि त्यांच्या स्वभावातला हा फरक होता. आमच्याकडे एक जाड नोंदवही होती, तिच्यात झाडाचं नाव आणि पुढे निकाल. दोन वर्षांत तिच्यात बहुतेक पानांवर 'नाही' लिहिलेलं. काही झाडांची बारीकशी वर्तुळं आली होती, दखल घ्यावी एवढं मोठं एकही नाही. सर प्रत्येक 'नाही' सुवाच्य अक्षरात लिहायचे. मला मात्र शेठजींचा चेहरा दिसायचा. तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर ते मोटारीतून आले आणि स्पष्टच बोलले, "डॉक्टर, दिवाळीपर्यंत हातात काहीतरी द्या. नाहीतर मला हे बंद करावं लागेल. माझेही भागीदार आहेत." सर म्हणाले, "योग्य आहे." एवढंच. माझी झोप उडाली. आबांचा पाय तेव्हा दुखावलेला होता. रुळाखालचा लाकडी स्लीपर उचलताना नडगीवर पडला होता आणि जखम महिनाभर वाहत होती. ते बिनपगारी घरी होते. माझ्या पगारावर घर होतं.

त्या श्रावणात आम्ही कारवी घेतली होती. कारवी म्हणजे घाटमाथ्यावर सगळीकडे माजणारं झुडूप, गुण आहे म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही. सरांनी ती केवळ 'राहायला नको' म्हणून यादीत घातली होती. मी दोन पोती पाला डोक्यावरून आणला. माळ्यावर तट्ट्यांवर पसरला. खाली शेगडी पेटती ठेवायची, वर पाला वाळायचा. सरांचे गुडघे धरलेले असल्यामुळे ते शिडी चढत नसत. माळा पूर्णपणे माझा.

मधेच वराळ्याला चुलते वारले. चार दिवस मी तिकडे. मी नसताना कोळसा संपला आणि शेगडी विझली. परत येऊन माळ्यावर चढलो, तर पाल्यावर लव. हिरवट, पांढरी कड असलेली, मऊ. सगळ्यावर नव्हती, पण बरीच होती.

तो पाला फेकून द्यायला हवा होता आणि सरांना तसं सांगायला हवं होतं. मी एक फडकं घेतलं आणि पान न् पान पुसून काढलं. मग शेगडी भडकवून पाला कडकडीत वाळवला, कुटला, डब्यात भरला, डब्यावर नाव आणि तारीख घातली. मनाला समजावलं, नाहीतरी कारवीतून काय निघणार आहे. 'नाही' लिहायचंच आहे, ते पुसलेल्या पाल्यावर लिहिलं काय आणि दुसऱ्यावर लिहिलं काय.

दुसऱ्या आठवड्यात तबकडी उघडली, तर वर्तुळ. चांगलं रुपयाएवढं, कडा कोरल्यासारख्या. शेजारी पाण्याच्या टिकलीभोवती काही नाही.

सरांनी तबकडी खिडकीकडे धरली. किती वेळ धरली होती कोण जाणे. मग त्यांनी रेनकोटाची बटणं एकेक करून उघडली, तो काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाले, "थांब, मी चहा करतो." दोन वर्षांत त्यांनी मला चहा करून दिला नव्हता.

त्याच डब्यातून आम्ही तीनदा अर्क काढला. तिन्ही वेळा वर्तुळ.

पेनिसिलिन बुरशीतून निघतं हे मी बी.एस्सी.ला तोंडपाठ केलं होतं. प्रश्न येणारच म्हणून आकृतीसकट. इथे मी असं लिहू शकतो की तरीही मला उमगायला वेळ लागला. पण वेळ लागला नाही. पहिल्याच दिवशी, चहाचा कप हातात असतानाच, मला माळ्यावरची लव आठवली होती. मी स्वतःला म्हणालो, तीनदा आलंय. कदाचित कारवीचंच असेल. आणि रोज सकाळी आठला कामावर जात राहिलो.

शेठजींना कळलं. ते आले तेच मलमाच्या डबीवर चिकटवायच्या चिठ्ठीचं चित्र घेऊन, जांभळं फूल आणि खाली सोनेरी अक्षरं. सरांनी विचारलं, "आणि कारवीत काही नसेल तर?"

"डॉक्टर, तीनदा झालंय ना? आता तरी तुमचं ते नसेल-तर सोडा!"

"तीनदा एकाच डब्यातून झालंय. नवा पाला आणतो, मग बोलू. तोवर माणसाला लावायचं नाही."

शेठजी हसले. थोडा अर्क नमुन्याला म्हणून त्यांनी आधीच पुण्याला मागवून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी वाडीवर गेलो. कारवीचा नवा पाला हवा होता, आणि सरांना मावशींना विचारायचंही होतं. त्यांनी वर्तुळाबद्दल सगळं सांगितलं. मावशी ऐकत राहिल्या.

"कारवी? जखमंला?"

"हो. तुमच्यात कोणी लावत नाही?"

मावशींनी उठून आपल्या झोपडीच्या भिंतीवर थाप मारली. शेण सारवलेला कूड, आत कारवीच्याच काठ्या. "आवो डाक्टर, कारवीनं मानूस बरा झाला असता, तर ह्या घरात कुनी मेलंच नसतं. भितीच तिच्या हायेत."

सर हसले नाहीत. परतीच्या वाटेवर निम्मा डोंगर उतरल्यावर थांबले. मग म्हणाले, "मावशी चुकत असतील. किंवा आपण चुकत असू. दोघांपैकी रानात जास्त वर्षं कोणी काढली?" उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि वाटेतल्या चिखलाबद्दल काहीतरी बोललो.

त्याच शनिवारी शेठजी पुन्हा आले. जाताना मोटारीजवळ त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पत्र्याची छोटी डबी हातावर ठेवली. "आमच्या कंपाउंडरने पहिली डझनभर केलीत. तुझ्या वडिलांचा पाय बरा नाही ना? लाव. डॉक्टरांना सांगू नकोस, ते आपले शंका काढत बसतील." माणूस वाईट नव्हता. त्याने ती मायेनेच दिली होती.

मी ती डबी घरी आणायला नको होती. खिशातून काढून फळीवर ठेवली आणि हातपाय धुवायला गेलो. बाहेर आलो, तर आबा खाटेवर बसलेले, पायावरची पट्टी सोडलेली, डबीचं झाकण उघडलेलं आणि बोट आत.

"ह्योच का तुमचा इलाज? वास बरा हाय की."

मी झडप घालून डबी ओढून घेतली. अर्धं मलम जमिनीवर.

"का रं?" आबा दचकून म्हणाले. "काय झालं?"

"अजून तपासायचंय ते."

"आन मंग डबीत भरलंच कशाला?"

मी खाली बसून फरशी पुसायला लागलो. आबा माझ्याकडे पाहत होते. त्यांनी डबीचं झाकण माझ्याकडे सरकवलं. पट्टी परत गुंडाळली आणि पाय खाटेवर उचलून घेतला. तपासायचंय म्हणून सांगितलं ते अर्धंच खरं होतं. जे ठाऊक होतं ते मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आठच्या आधीच प्रयोगशाळेत पोचलो. सर मंडळींचा कुकर उतरवत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चुलत्यांचं, कोळशाचं, लवेचं, फडक्याचं, तीनदा वर्तुळ आल्यावर गप्प बसलो ते. डबीचंही सांगितलं. आता मला काढून टाकतील, हे मी धरूनच चाललो होतो.

सरांनी कुकर खाली ठेवला.

"कोणत्या रंगाची होती?"

"हिरवट. कडेला पांढरी."

"पुसलीस कशानं?"

"फडक्यानं."

"ते फडकं धुतलंस?"

"नाही सर. माळ्यावर खिळ्याला आहे."

"देवा!" सर म्हणाले, आणि गुडघे धरलेला तो माणूस शिडी चढून वर गेला.

पुढचे तीन आठवडे मी त्यांना जितकं झपाटलेलं पाहिलं तितकं वर्तुळ आलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. सगळ्यात आधी त्यांनी शेठजींना तार केली, डब्या थांबवा. मग वाडीवरच्या ताज्या कारवीचे दोन वाटे केले. एक सर स्वतः शेगडीपाशी बसून कोरडा करत राहिले. दुसरा ओला करून माळ्यावर ठेवला आणि त्याच्यावर फडकं झटकलं. फडक्यावरची बुरशी वेगळीही वाढवली. तिन्हींचा अर्क आणि तीन टिकल्या. स्वच्छ कारवीभोवती काही नाही. बुरसटलेल्या कारवीभोवती वर्तुळ. नुसत्या बुरशीभोवती सगळ्यात मोठं.

शेठजी आले. सरांनी तिन्ही तबकड्या त्यांच्यासमोर मांडल्या. शेठजींनी घाम पुसला, मग त्यांचा चेहरा उजळला. "मग डॉक्टर, आपण बुरशीचंच मलम करू की!"

"ती सापडलेली आहे, शेठजी. पिंपरीला तिचा कारखाना आहे, पेनिसिलिनचा. तुमची मोटार त्याच्यासमोरूनच येते."

शेठजींनी तिन्ही तबकड्या पुन्हा एकदा पाहिल्या. मग विचारलं, "ही चूक कोणाची?"

"प्रयोगशाळेची," सर म्हणाले.

"माझी," मी म्हणालो.

शेठजींनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि टोपी उचलली. दिवाळीनंतर पैसे येणार नाहीत, एवढं त्यांनी जाताना दारातून सांगितलं. आवाजही चढवला नाही.

मला वाटलं होतं, सरांच्या मनात काही राहिलं नाही. पण एके दिवशी काचा धुताना ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाला कुजला, याचं मला काही नाही. इथे माझा रेनकोटही कुजतो. पण तुला माहीत होतं आणि तू माझ्याशेजारी बसून रोज खिचडी खात होतास." ते गेल्यावर मी तीच काच कितीदा धुतली, मला आठवत नाही. आयुष्यात मला पुष्कळ लोक रागावले. ते शब्द मात्र अजून तसेच ऐकू येतात.

प्रयोगशाळा बंद होण्याच्या आधी सरांनी एक लेख लिहिला. दमट हवेत साठवलेल्या पाल्यावर बुरशी आली तर झाडात नसलेला गुण दिसू शकतो, आम्हाला असा दिसला, त्याची शहानिशा कशी करावी, असा. या विषयाच्या एका मासिकाकडे पाठवला. लेखकांमध्ये पहिलं नाव माझं. मी म्हणालो, सर, हे नको. ते म्हणाले, "केलंस तू, सांगितलंस तू. मी नुसता शिडी चढलो."

अंक आला तेव्हा आबांचा पाय रेल्वेच्या दवाखान्यातल्या इंजेक्शनांनी बरा झालेला होता. इंजेक्शनं पेनिसिलिनची होती. ते खाटेवर बसून कामाचे बूट तेल लावून मऊ करत होते. मी त्यांना छापलेलं नाव दाखवलं. त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसून त्या नावावरून बोट फिरवलं.

"आन खाली काय लिवलंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, डबी का ओढली तेही.

आबा विचारात पडले. "म्हंजी तू चुकलास, ते छापलंय?"

"हो."

"तुज्या नावानं?"

"हो. पुढच्या कोणी तशीच चूक करू नये म्हणून."

त्यांनी बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी लाल झेंडी. मोडका रूळ दिसला की लावायची. बरुबर हाय."

दुसऱ्या दिवशी सर पुस्तकं पेट्यांत भरत होते. मी त्यांना हे सहज सांगितलं. त्यांचा हात थांबला. "तुझे वडील आता घरी असतील?" त्यांनी विचारलं आणि वही घेऊन निघाले.

आमच्या घरी तोवर कोणी शिकलेला माणूस बसायला आला नव्हता. आबा गडबडून खाटेवरून उठले, तर सर खालीच मांडी घालून बसले. मग आबाही खाली बसले.

"भाऊ," सर म्हणाले, "मोडका रूळ दिसला तर झेंडी कुठे लावता? त्याच्यापाशीच?"

"छ्या! तितं लावून काय उपेग? डायवरला दिसंस्तवर गाडी वर आली की. लय अलीकडं लावायची. उतारावर तर आनिकच लांब. आन रुळावर फटाकं बांदायचं, म्हंजी धुक्यात झेंडी दिसली न्हाई तरी आवाज हुतो."

"आणि गाडी तेवढ्यात आलीच तर?"

"मंग झेंडी घिऊन पळायचं."

"लांब?"

"लांब न्हाई वो," आबा म्हणाले. त्यांनी सरांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि वहीच्या पानावर दोन वाकड्या रेघा ओढून रूळ काढला. शाळा न पाहिलेल्या माझ्या वडिलांच्या हातात मी त्या दिवशी पहिल्यांदा पेन्सिल पाहिली. "हितं मोडलंय. हिकडनं गाडी येती. मानसाला वाटतं पळावं हिकडं, मागं. तसं न्हाई. गाडी जिकडनं येती तिकडंच पळायचं, तिच्या त्वांडावर. जेवढं लौकर पळशील तेवढं बरं."

सर वाकून ती आकृती पाहत होते. पाहता पाहता त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मग ते पुन्हा वहीकडे वळले आणि आबांना म्हणाले, "थांबा भाऊ, जरा सावकाश सांगा. मला हे नीट उतरून घ्यायचंय."